ओळख नसलेल्यांचे वकीलपत्र

कवीने राजकारणात पडू नये, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेतील टॉमस केनेडी हे कवी राजकारणात पडले आणि एका तत्त्वापायी निवडणुकीतही पडले. त्यांची ही गोष्ट.

केनेडी मूळचे स्कॉटलंडचे, जन्म 1776 चा. तरुणपणी ते अमेरिकेत आले आणि पुढे मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. 1816 मध्ये त्यांचा कवितासंग्रह निघाला. ते वकील नव्हते. पण एक वकीलपत्र त्यांनी आपणहून घेतले.

मेरीलँडच्या 1776 च्या घटनेप्रमाणे सरकारी पद घेणाऱ्याला ख्रिस्ती धर्मावरील श्रद्धा जाहीर करावी लागे. त्यामुळे ज्यू नागरिक साधा नगरसेवकही होऊ शकत नसे. गंमत पाहा, 1801 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी रूबेन एटिंग या ज्यू गृहस्थांना मेरीलँडमध्ये केंद्राचे मार्शल नेमले. राज्याचे पद मात्र त्यांना बंदच होते!

1818 मध्ये केनेडींनी ही अट काढण्याचा प्रश्न विधिमंडळात आणला. माझ्या भागात ज्यू नाहीत, माझी एकाही ज्यू माणसाशी ओळख नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. बाल्टिमोरचे वकील हेन्री ब्रॅकेनरिज यांनीही बाजू मांडली, पण विधेयक पडले. 1822 च्या अधिवेशनात ते मंजूर झाले. मात्र घटनादुरुस्तीला पुढच्या निवडणुकीनंतरच्या विधिमंडळाचीही मान्यता लागे. 1823 च्या त्या निवडणुकीत विरोधकांनी धर्माच्या नावाने मते मागितली. केनेडी हरले, दुरुस्तीही बारगळली.

ते पुन्हा उभे राहिले, निवडून आले. 1825 मध्ये विधेयक अवघ्या एका मताने, 26 विरुद्ध 25, मंजूर झाले आणि 1826 मध्ये कायम झाले. त्याच वर्षी सॉलोमन एटिंग आणि जेकब कोहेन हे दोन ज्यू बाल्टिमोरचे नगरसेवक झाले.

हा विजय अपुरा होता. सवलत फक्त ज्यूंनाच होती, तीही मरणोत्तर न्यायावर विश्वास असल्याचे सांगितल्यावर. पुढे नियम बदलले, तरी ईश्वरावरील श्रद्धेची अट राहिली. ती 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टोरकासो खटल्यात घटनाबाह्य ठरवली.

मी स्वतः अल्पसंख्य समाजातला. आपला माणूस आपल्यासाठी भांडला की बरे वाटतेच. पण ज्याला आपली मते मिळायची नाहीत, असा परका माणूस आपली जागा घालवून आपल्यासाठी भांडतो, तेव्हा हा देश आपलाही आहे असे वाटू लागते. केनेडी 1832 मध्ये कॉलऱ्याने गेले. त्यांच्या कबरीवरचे स्मारक पुढे मेरीलँडच्या ज्यू समाजाने उभारले.