'भेटवस्तू आणू नयेत'

गेल्या महिन्यात डिचोलीहून आमंत्रणाची पत्रिका आली. नात्यातल्या मुलाचा पहिला वाढदिवस. खाली चौकटीत छापले होते, 'कृपया भेटवस्तू आणू नयेत.' आई पेडण्याची. तिने विचारले, "म्हणजे नारळसुद्धा नको? रित्या हातान कसा जावचा?"

गोव्यात ही मनाई एकदा सरकारी हुकमाने झाली होती. १४ एप्रिल १७३६ रोजी इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्यांनी जुने रीतिरिवाज सोडावेत म्हणून त्यात लांबलचक यादी होती, आणि लग्नकार्यातली विडा-सुपारी, फुले, तळलेले पदार्थ यांची देवघेवही त्यात होती. अ. का. प्रियोळकरांचे इन्क्विझिशनवरचे १९६१चे इंग्रजी पुस्तक मिळाले तर जरूर वाचा. एवढ्या मोठ्या सत्तेला पानसुपारीचे भय का वाटावे? पान घेतले की नाते मानले, हे त्यांनाही कळले होते! आमचे तालुके तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांकडे. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले, त्यामुळे तो हुकूम आमच्या घरांपर्यंत आलाच नाही. पुढे १८१२ साली इन्क्विझिशनच बंद झाले.

आज चौकट आपण स्वतःच छापतो. हेतू वाईट नाही. आहेराची वही म्हणजे आवक-जावक रजिस्टरच (आम्हा कारकुनांना ते बरोबर कळते). कोणी किती घातले ते पाहून तेवढे परत करायचे. ज्याचा हात तंग त्याला वाढदिवसाचे आमंत्रण म्हणजे धास्ती. शिवाय प्लास्टिकच्या खेळण्यांचा ढीग. पण नारळ या हिशेबात कधी नव्हता. लहान मुलाला बघायला जाताना काहीतरी न्यायचे, घरच्यांनी पिशवी रिकामी परत पाठवायची नाही, एवढाच तो व्यवहार. खोक्यातली भेट आणि हा नारळ एकाच चौकटीत कोंबले, तिथे चुकते असे मला वाटते.

शेवटी आईने नारळ नेलाच. मुलाचा बाप संकोचला, "मावशी, पत्रिकेत लिहिले होते ना..." आईचा चेहरा पडला. तेवढ्यात मुलाची आजी आतून आली. तिने नारळ घेऊन देवापुढे ठेवला, आणि निघताना आईच्या पिशवीत साखरेची पुडी घातली.