न पाहिलेल्याची ओळख

आजचा विषय वैद्यकाचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा. तेव्हा व्याख्यान संपल्यावर औषध विचारायला कुणी थांबू नका. मला या इतिहासातला एकच शब्द सतावतो: ओळख. शरीर जंतूला ‘ओळखतं’ असं आपण सर्रास म्हणतो. न्यायदर्शनात ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात. तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ‘तोच हा देवदत्त’. पूर्वी पाहिलेला आठवतो, समोरचा दिसतो, दोन्ही जुळतात. आधी भेटच झाली नसेल तर ओळख कसली?

आता १८८२ सालात चला. ओडेसा विद्यापीठातली जागा सोडून इल्या मेचनिकॉफ सिसिलीत मेसिना इथे राहत होता. घरचे सगळे सर्कशीला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी. समोर तारामाशाच्या अळ्या, काचेसारख्या पारदर्शक. मनात आलं, यांच्या अंगात काही टोचलं तर आतल्या फिरत्या पेशी तिथे गोळा होतील का? बागेतले गुलाबाचे काटे आणून टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा! ही हकीकत त्याने स्वतःच पुष्कळ वर्षांनी लिहिली, तेव्हा थोडं नाट्य वजा करून घ्या. निरीक्षण मात्र खरं होतं. पुढे डॅफ्निया या पाण्यातल्या बारक्या जीवात त्याला पेशी बुरशीचे बीजाणू गिळताना दिसल्या. या भक्षक पेशीच आपलं रक्षण करतात, असं तो म्हणू लागला.

जर्मनीत कॉखच्या गोटाला हे मुळीच पटेना. पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असंच तेव्हा पुष्कळांना वाटे. त्यात १८९० मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला न जुमानणाऱ्या प्राण्याचं सीरम दुसऱ्याला दिलं, की तोही वाचतो. पेशी नाहीत, नुसतं सीरम. झालं, भांडण पेटलं. मेचनिकॉफ तोवर पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला होता, आणि १८७० च्या युद्धानंतर पॅरिस आणि बर्लिन यांचं कशावर एकमत होणार!

तोडगा निघाला लंडनला. १९०३ मध्ये राइट आणि डग्लस यांना दिसलं, की धुऊन घेतलेल्या पांढऱ्या पेशी जंतू फारसे गिळत नाहीत, सीरम घातलं की गिळतात. सीरममधल्या या द्रव्याला त्यांनी ऑप्सोनिन नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘ऑप्सॉन’ म्हणजे भाकरीबरोबरचं तोंडी लावणं. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, हे कळायला खरं तर ग्रीक यायला नको. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि सीरमवाल्या पक्षाचे एर्लिख यांना विभागून मिळालं.

पुढची कितीतरी दशकं मुख्य लक्ष प्रतिपिंडांकडे गेलं. प्रतिपिंडांची ओळख देवदत्ताच्या जातीची: एकदा गाठ पडली की पुढच्या वेळी झटपट. पण पहिल्या गाठीला तिला काही दिवस लागतात. ई. कोलायसारखा जंतू सोयीच्या जागी वीस मिनिटांत दुप्पट होतो. मग पहिल्या रात्री काय?

येल विद्यापीठातल्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये एका अडचणीच्या गोष्टीवर बोट ठेवलं. शुद्ध प्रथिन टोचलं तर प्राण्याचं शरीर बहुधा थंडच राहतं. म्हणून प्रयोगशाळेत त्यात मेलेले जंतू मिसळत, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नसे. जेनवे यांचं म्हणणं असं, की जंतूंच्या भित्तिकेत काही घटक असतात. ते आपलं शरीर कधी बनवत नाही आणि जंतूला ते सहजी बदलताही येत नाहीत. त्यांना पकडणारे ग्राही आपण जन्मतःच घेऊन येतो.

इथे आपल्या मुंबईची आठवण होते. ओडेसात मेचनिकॉफकडे शिकलेल्या हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. तीत उष्णतेने मारलेले अख्खे जंतू होते. म्हणजे शिकवायचा धडा आणि शरीराला जागं करणारी हाक, दोन्ही एकाच सुईतून गेली. हे जेनवेंच्या नव्वद वर्षं आधी!

नैयायिक म्हणेल, आठवण नाही तर ही प्रत्यभिज्ञा नव्हे. मला वाटतं, आठवण आहे, पण ती देवदत्ताला पाहिलेल्या माणसाची नाही, त्याच्या वंशाची आहे. ज्यांच्याकडे ते ग्राही नव्हते, त्यांची संतती फारशी उरली नसावी.

आणि ही ओळख फुकटची नव्हे. उंदरांची एक जात होती. जंतूच्या भित्तिकेतलं ‘विष’ टोचलं तरी तिला ढिम्म होत नसे. १९९८ मध्ये बॉयटलर यांच्या गटाला कारण सापडलं: टीएलआर-४ या ग्राहीचं जनुक बिघडलेलं. म्हणजे ताप, कोसळणारा रक्तदाब, हे सगळं त्या द्रव्यापेक्षा ते ओळखल्यामुळे घडत होतं. न ओळखणारे उंदीर सुखात होते. पण त्यांनाच जिवंत साल्मोनेला टोचा. साधा उंदीर ज्यातून उठून बसतो, तेवढ्या मात्रेने ते मरतात.