विद्वान, विवेक आणि उपनगरे

मुंबईच्या उपनगरांत बुद्धिमान यंत्राचा प्रश्न आधी पोटाचा प्रश्न म्हणून आला. बुद्धी म्हणजे काय, माणूसपण कशात असते, हे पुढचे. विलेपार्ले, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथली कितीतरी मराठी कुटुंबे बँका, विमा आणि सरकारी कचेऱ्यांतल्या कारकुनीवर उभी राहिली होती. आयुर्विमा महामंडळाने १९६०च्या दशकात संगणक आणायचे ठरवताच कर्मचारी संघटना विरोधात उतरल्या. केंद्र सरकारने १९६९मध्ये स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते. अहवाल १९७२मध्ये आला. यंत्रामुळे श्रम वाचतात, पण त्या बचतीचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा वादाचा गाभा होता. त्या विरोधाला अडाण्यांची भीती म्हणणे अन्यायाचे आहे.

बँकेतल्या कारकुनाचे काम डोक्याचे होते. दिवसअखेर लेजरचा ताळा जुळवायचा, सहामाहीला प्रत्येक खात्याच्या शिलकीवरून व्याजाची ‘प्रॉडक्ट्स’, म्हणजे शिलक आणि मुदत यांचे गुणाकार, हाताने काढायची, काही पैशांच्या फरकासाठी रात्रीपर्यंत बसायचे; त्यातून कमावलेल्या अचूकतेला शाखेत मान असे. सप्टेंबर १९८३मध्ये बँका आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पाठोपाठ १९८४मध्ये सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागले. यंत्र कुठे आणि कोणत्या अटींवर बसवायचे, हे त्यावर काम करणाऱ्यांशी बोलून ठरले, हे या कराराचे मोठेपण. पुढच्या सगळ्याच यंत्रांच्या वाट्याला अशी वाटाघाट आली नाही.

दरम्यान अंधेरी पूर्वेला १९७३मध्ये निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत सुरू झाली होती. लोकांच्या तोंडी ती ‘सीप्झ’. टाटा-बरोजसारख्या कंपन्यांनी तिथून परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतले. देशी कचेरीत वादात अडकलेला संगणक निर्यातीच्या कुंपणाआड मात्र हवासा होता.

खरा वैचारिक पल्ला गाठला तो जुहूने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक गटातून वाढलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, १९८५मध्ये स्वतंत्र झाले आणि पुढे जुहूला स्थिरावले. एस. रमणी त्याचे संचालक होते. जपानने पाचव्या पिढीच्या संगणकाचा संकल्प सोडला होता; त्या वाऱ्यात भारतानेही १९८६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ज्ञानाधारित संगणकप्रणालींचा कार्यक्रम आखला आणि एनसीएसटी त्याचे एक केंद्र झाले. डिसेंबर १९८९मध्ये याच विषयावर मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एनसीएसटीने तज्ज्ञप्रणाली रचण्यासाठी बनवलेल्या साधनाचे नाव होते ‘विद्वान’, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या त्याच्या त्रैमासिकाचे ‘विवेक’. मराठी वाचकाला या दोन शब्दांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

तज्ज्ञप्रणालीत माणसाचे ज्ञान ‘अमुक असेल तर तमुक’ अशा नियमांच्या रूपाने भरले जाई. निष्कर्ष कसा निघाला असे विचारले, तर यंत्र लागू केलेले नियम दाखवू शके. ज्ञान कोणाचे आणि चूक कुठे, हे त्यामुळे शोधता येई. आजची भाषाप्रारूपे अफाट मजकुरातून शिकतात; त्यांच्या उत्तरामागे बोट ठेवावे असा एक नियम नसतो. जाब कोणाला विचारायचा हा प्रश्न त्यामुळे अधिक अवघड झाला आहे.

देहावाचून बुद्धी, ही कल्पना मराठी विज्ञानकथेनेही हाताळली. लक्ष्मण लोंढे यांच्या ‘दुसरा आईन्स्टाईन’ या कथेत मरणासन्न शास्त्रज्ञाचा मेंदू जिवंत ठेवण्याचा विषय आहे. मेंदू वाचला तरी माणूस वाचला का, आणि त्या मेंदूवर हक्क कोणाचा, हे दोन्ही प्रश्न त्यातून उभे राहतात. मानवोत्तर जीवनावरची जगभरची चर्चा आजही त्यांच्याभोवती फिरते.

एनसीएसटी २००३मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाले. यंत्राला भाषा शिकवण्याचे काम पवईच्या आयआयटीत फोफावले. तिथे हिंदीबरोबर मराठीचेही वर्डनेट, म्हणजे अर्थांच्या नात्यांनी बांधलेला कोश, तयार झाले. काकू, मामी, आत्या, मावशी यांना इंग्रजीत एकच शब्द पुरतो. मराठीत चार वेगळी नाती यंत्राला शिकवावी लागतात. २०२४मध्ये याच संस्थेच्या नेतृत्वाखाली, सरकारी पैशावर, भारतीय भाषांसाठी ‘भारतजेन’ हा प्रकल्प जाहीर झाला.

लिखित मजकुरावर वाढलेल्या यंत्राला छापील, प्रमाण मराठी आधी सापडते. वर्सोव्याच्या कोळ्यांची बोली, मरोळच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची मराठी, आरेच्या पाड्यांवरची वारली ही मुख्यतः तोंडी जगली. त्यांतल्या काही सीप्झ आणि पवई यांच्या हाकेच्या अंतरावर बोलल्या जातात. त्या यंत्रात याव्यात असे वाटत असेल, तर माणसांकडे जाऊन, त्यांच्या संमतीने, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून लिहून घ्यावे लागेल, आणि १९८३च्या करारासारखे अटींवरही बोलावे लागेल.