दोन शहरे, अनेक याचिका, एक निकाल : धाराशिव नामांतराचा खटला

#थ्रेड

८ मे २०२४. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने औरंगाबाद व उस्मानाबाद या दोन्ही नामांतरांविरुद्धच्या याचिका एकाच निकालाने फेटाळल्या. याचिकाकर्ते निरनिराळे, शहरेही दोन. मग निकाल एक कसा?

इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर हे प्रश्न एकमेकांपासून बरेच दूर आहेत. उस्मानाबाद हे नाव १९११ मध्ये गादीवर आलेल्या अखेरच्या निजामाचे, मीर उस्मान अली खान याचे. त्याआधीचे नाव धाराशिव. शहरालगतच्या लेण्यांनी ते आजवर जपले आहे. येथे जुने नाव परत आले. औरंगाबादचे तसे नाही. मलिक अंबरने वसवलेल्या खडकीला पुढे औरंगजेबाचे नाव मिळाले, आणि २०२२ मध्ये निवडले गेले ते नाव खडकी नव्हते.

मात्र शासनाने दोन्ही निर्णय जोडीनेच घेतले. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने आपल्या शेवटच्या बैठकीत, आणि सत्तांतरानंतर १६ जुलै रोजी एकनाथ शिंदे यांच्या सरकारने नव्याने. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहरांची नावे बदलली. जिल्हा आणि तालुक्यांची त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये.

याचिकांमधील कायद्याचा मुद्दाही त्यामुळे सामाईक ठरला : शासनाला हा अधिकार आहे काय, आणि तो वापरताना विहित प्रक्रिया पाळली गेली काय? महसुली क्षेत्राच्या नावाबाबतचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ मध्ये आहे. त्याच कलमाचा अर्थ वेगवेगळ्या खंडपीठांनी वेगवेगळा लावला असता, तर एक जिल्हा नव्या नावाचा आणि दुसरा जुन्या, असा पेच उभा राहिला असता.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी. दिवाणी दावे एकत्र चालवण्यासाठी १९०८ च्या मूळ दिवाणी प्रक्रिया संहितेत स्वतंत्र कलमच नाही. कलम १० नुसार त्याच वादाचा नंतरचा दावा थांबवता येतो. दावे एकत्र करण्याचा अधिकार न्यायालये कलम १५१ मधील अंगभूत अधिकारातून घेतात. चितिवलसा ज्यूट मिल्स खटल्यात (२००४) विशाखापट्टणम आणि रेवा येथे एकाच व्यवहारावरून उभे राहिलेले दोन दावे सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर एकत्र चालवायला लावले. उद्देश साधा : तोच पुरावा दोनदा नको, परस्परविरोधी निकाल नकोत.

खुद्द धाराशिवला ही संहिता उशिरा लागू झाली. निजामाच्या राज्याची दिवाणी संहिता स्वतंत्र होती. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर, १ एप्रिल १९५१ पासून, १९०८ ची संहिता येथे आली.

नामांतराच्या याचिका अर्थात दावे नव्हेत. त्यात साक्षी-उलटतपासणी नसते. एकत्र सुनावणी झाली तरी प्रत्येक याचिकेचा क्रमांक कायम राहतो. परंतु दोन्हींमागचा विचार तोच, आणि त्याची किंमतही तीच. सामाईक मुद्दा पुढे येतो, वेगळेपण मागे पडते. खंडपीठाला अधिसूचनांत बेकायदेशीरपणा आढळला नाही. खडकी आणि धाराशिव यांच्या इतिहासातील फरकावर निकाल टेकलेला नव्हता. धाराशिवचे नाव परत येणे ऐतिहासिकदृष्ट्या किती सबळ, हा प्रश्न म्हणूनच न्यायालयाच्या दाराबाहेर राहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.