पाठराखीण

वैशाखांतील ऊन म्हणजे काय, हें जळगांव-धुळ्याच्या माणसास सांगावयास नको. भुसावळची दुपार आणि केळीच्या बागेस झळांपासून वांचविण्यासाठीं कडेनें लावलेली शेवरी आमच्या नित्य पाहण्यांतल्या. परंतु हाच ताप सजीवाच्या पेशींतही एक व्यवस्था जागी करतो, आणि तिचा शोध एका चुकीपासून लागला, ही हकीकत कित्येक वाचकांस नवी वाटेल.

फेरुच्चो रितोसा हा इटालियन संशोधक फळमाशीवर काम करीत असतां कोणीतरी उबवणपेटीचें तापमान चुकून वाढविलें. अळीच्या गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणीं फुगवटे आले. रितोसानें १९६२ सालीं हें प्रसिद्ध केलें. तत्पूर्वीं एका नियतकालिकानें लेख महत्त्वाचा नाहीं म्हणून परत केला होता, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. १९७४ सालीं या तापानें निर्माण होणारीं प्रथिनें सांपडलीं. त्यांस ‘उष्णताघात-प्रथिनें’ हें नांव पडलें.

इकडे दुसराच प्रश्न पडून होता. आमच्या विद्यार्थिदशेंत ‘तंतुकणिका म्हणजे पेशीचें शक्तिगृह’ एवढें पाठ केलें कीं काम भागे. पण त्या गृहांत हजाराहून अधिक प्रकारचीं प्रथिनें असतात, आणि मनुष्यांत त्यांपैकीं अवघीं १३ घरचीं. बाकीचीं बाहेर तयार होऊन आंत येतात. १९८६ सालीं आयलर्स व शात्झ यांनीं दाखविलें कीं, घडी घट्ट बसलेलें प्रथिन या दारांतून जात नाहीं. मग तें सैल राखून दारापर्यंत नेतें कोण?

१९८८ सालीं अमेरिकेंतील दोन गटांनीं यीस्टवरून उत्तर दिलें: ‘७०’ या अंकानें ओळखलें जाणारें उष्णताघात-प्रथिनांचें कूळ! तें कमी पडतांच आंत जाणारीं प्रथिनें बाहेर तुंबतात. पुढच्याच वर्षीं आंत घडी बसविणारें ‘६०’ सांपडलें. १९९० सालीं, म्हणजे जळगांवीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालें त्याच वर्षीं, ‘७०’चा आंतला भाऊबंद प्रथिनास आंत ओढण्यास लागतो, हें कळलें. २००३ सालीं दिसून आलें कीं, सस्तन प्राण्यांत ‘७०’ व ‘९०’ मिळून प्रथिन दारावरच्या ग्राहकाच्या हातीं सोंपवितात.

इंग्रजींत यांस ‘शॅपेरॉन’, म्हणजे तरुणीची सोबत करणारी वडीलधारी बाई, म्हणतात. आम्हांस ‘पाठराखीण’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो. पाठराखीण नव्या नवरीबरोबर सासरीं जाते, तिला धीर देते, आणि तिला तेथें ठेवून परत येते. हें ‘७०’ही तसेंच पुढच्या प्रथिनासाठीं मोकळें होतें.

या इतिहासांत आमच्या मनास लागणारी गोष्ट निराळीच आहे. हीं प्रथिनें प्रथम उन्हांत दिसलीं, म्हणून त्यांचें नांवही उन्हावरून पडलें. वस्तुतः त्यांच्या कुळाचें काम थंडींत, पावसांत, प्रत्येक क्षणीं चाललेंच असतें. ताप आला म्हणजे तें वाढतें, एवढेंच. संकटांत जो डोळ्यांत भरतो, तो संकटापुरताच आहे असें आपण समजतों, आणि रोज पाठीशीं उभें राहणाऱ्यास विसरतों. ही चूक विज्ञानानें पंचवीस-तीस वर्षांत दुरुस्त केली. आपल्या घरांतून ती दुरुस्त झाली आहे, असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं.