हिमावरची फळी आणि माणसाचा पाय

वैशाखाच्या उकाड्यात हिमावर बोलायला उभे राहणे हा विनोद वाटेल. परंतु आमचा खरा विषय हिम नव्हे, हत्यार आहे. आमचे आयुष्य कामगारांत गेले. तेथे एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. हत्यार चांगले की वाईट, हे त्याच्याकडे नुसते पाहून सांगता येत नाही. ते कोण चालवणार आणि कशावर चालवणार, हे अगोदर विचारावे लागते. स्कीचा इतिहास आम्ही याच दृष्टीने वाचला.

स्की म्हणजे पायाला बांधून हिमावरून घसरत जाण्याची लांबट फळी. टोक वर वळवलेले, म्हणजे ते हिमात रुतत नाही. आज आपण तिला श्रीमंतांच्या खेळाची वस्तू समजतो. पण तिचा जन्म खेळासाठी झालेला नाही. स्वीडनमध्ये काल्व्ह्ट्रेस्क येथील दलदलीत 1924 साली एक स्कीची जोडी सापडली. ती सुमारे 5,200 वर्षांपूर्वीची आहे. ज्यांच्या मुलखात वर्षाचे कित्येक महिने जमीन दिसतच नाही, त्यांना शिकारीला, लाकडाला, शेजारच्या वस्तीला जाण्यासाठी ही फळी लागत होती. चाकाची गाडी जेथे निरुपयोगी, तेथे हीच गाडी.

आता गंमत पाहा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड येथील काही भागांत दोन पायांच्या दोन स्की सारख्या नसत. एक लांब, घसरण्यासाठी. दुसरी आखूड, पायाने मागे रेटण्यासाठी, आणि तिच्या तळाला बहुधा कातडे लावलेले. केसांचा कल मागे असल्यामुळे ती पुढे सरके, पण मागे घसरत नसे. सपाट रानात दिवसभर चालणाऱ्याला ही जोडी उत्तम. पण डोंगर उतरून झपाझप वळायचे म्हटले, की हीच जोडी अडचणीची.

डोंगराचे उत्तर डोंगरातल्या माणसानेच दिले. नॉर्वेच्या टेलेमार्क भागात मोर्गेदाल नावाचे खेडे आहे. तेथे 1825 साली सोंद्रे नोर्हाइम जन्मला. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारा कूळ, आणि हाताने सुतार. त्याची स्की मध्ये अरुंद व दोन्ही टोकांना रुंद असे. तिला कंबर होती म्हणा ना. अशी फळी कलती केली की तिची कड कमानीसारखी हिमाला टेकते आणि फळी आपोआप वळू लागते. शिवाय त्याने लवचीक फांद्या पिळून केलेली वेटोळी टाचेमागून बांधली. केवळ पायाची बोटे अडकवण्यापेक्षा पाय घट्ट राहिला आणि फळी ताब्यात आली. 1868 साली राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, 42 वर्षांच्या या कुळाने शहरी प्रेक्षकांना थक्क केले. 1884 साली पोटासाठी तो अमेरिकेला गेला आणि 1897 साली नॉर्थ डकोटात वारला. त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावही नव्हते. आज कंबर असलेली जी जी स्की विकली जाते, तिच्यात त्या भूमिहीन सुताराची बुद्धी आहे.

नॉर्वेचे डोंगर गोलसर, आल्प्सचे उभे. 1888 साली फ्रित्योफ नान्सेन स्कीवरून ग्रीनलंड ओलांडून गेला. त्याचा वृत्तांत वाचून मध्य युरोपात या फळीचे वेड पसरले. ऑस्ट्रियात लिलिएनफेल्ड येथे राहणारा मातियास झ्दार्स्की हा त्या वाचकांपैकीच एक. उभ्या उतारावर नॉर्वेची लांब फळी त्याला वळवता येईना. म्हणून त्याने ती आखूड केली, सुमारे 180 सेंटिमीटरची, आणि पाय धरण्यासाठी धातूची पकड बसवली. पुढे आल्प्सच्या गोठलेल्या उतारांवर लाकडाची कड झिजू लागली, तेव्हा साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेट्नरने पोलादी कडा बसवल्या व 1926 साली त्यांचे पेटंट घेतले.

पकड घट्ट झाली तशी हाडेही मोडू लागली. माणूस पडे, पण फळी पाय सोडत नसे. अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेचा खेळाडू ह्याल्मार ह्वाम याचा पाय 1937 साली असाच मोडला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने पडताच सुटणाऱ्या पकडीची योजना आखली. या सुधारणेची किंमत आधी हाडाने मोजली गेली, हे विसरू नये.

नंतर कारखाना आला. हॉवर्ड हेड हा अमेरिकेतला विमानांचा अभियंता. 1947 पासून त्याने अॅल्युमिनियमचे पत्रे व लाकूड एकत्र चिकटवून स्की करण्याचा उद्योग आरंभला. तो नमुने धाडी. हिमावरचे शिक्षक ते वापरून, मोडून परत पाठवीत. असे पुनःपुन्हा झाल्यावर 1950 साली टिकणारी स्की तयार झाली. साधा हौशी माणूस तिच्यावर इतका सहज वळू लागला की लोक तिला लबाडीची स्की म्हणू लागले. परंतु शर्यतवाल्यांची तक्रार होती, कडक बर्फावर ती थरथरते. हेडने पुढे शर्यतीच्या स्कीत रबराचा थर घातला. तक्रार करणाऱ्याला मूर्ख न ठरवता त्याने फळी बदलली, हे आम्हांस त्याच्या पेटंटाहून मोठे वाटते.

मग आजची उत्तम स्की कोणती? थोडे गणित करू. 70 किलो वजनाचा माणूस 180 सेंटिमीटर लांब व सरासरी 7 सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्यांवर उभा राहिला, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 28 ग्रॅम भार पडतो. रुंदी 11 केली तर तो 18 ग्रॅमच्या आसपास येतो. भुसभुशीत, ताज्या हिमात ही रुंद फळी तरंगते, अरुंद बुडते. म्हणूनच 1988 साली ऑस्ट्रियाच्या अॅटॉमिक कारखान्याने मुद्दाम रुंद स्की काढली. आता अशा फळ्यांची टोकेही उचललेली ठेवतात. पण दाबून घट्ट केलेल्या उतारावर तरंगायचे नसते, कड रोवायची असते. तेथे अरुंद फळी एका कडेवरून दुसरीवर चटकन जाते. 1990 नंतर स्लोव्हेनियाच्या एलान कारखान्याने कंबर फारच बारीक केली. तेव्हापासून सामान्य माणसालाही कडेवर गोल वळण घेता येऊ लागले.

हिमाइतकाच माणूसही पाहावा लागतो. ताठ फळी वाकवायला वजन, वेग व कसब लागते. हलक्या बाईला, पोराला किंवा नवशिक्याला ती दिली, तर ती वाकत नाही आणि म्हणून वळत नाही. दोष मात्र शिकणाऱ्याच्या माथी येतो! त्याला आखूड व मऊ फळी द्यावी. भरधाव जाणाऱ्या कसलेल्या माणसाला तीच फडफडणारी व धोक्याची.

शेवटचे उदाहरण अलीकडचे. आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने दुखापती कमी व्हाव्यात म्हणून 2012-13 च्या हंगामापासून पुरुषांच्या जायंट स्लालम शर्यतीतील स्कीची वळणाची त्रिज्या 27 मीटरवरून 35 वर नेली. म्हणजे फळी अधिक सरळ व वळवायला जड झाली. हेतू चांगला होता. पण अनेक खेळाडूंनी उघड विरोध केला. अमेरिकेचा टेड लिगेटी त्यांत पुढे होता. मौज अशी की त्याच फळीवर 2013 ची जागतिक स्पर्धा त्यानेच जिंकली. कोणी म्हणेल, मग तक्रार खोटी ठरली. आम्ही तसे म्हणणार नाही. सर्वांत कसबी माणसाला एखादे हत्यार साधले, म्हणजे ते सर्वांना सोयीचे आहे असे सिद्ध होत नाही. 2017-18 पासून संघटनेनेच ती त्रिज्या 30 मीटरवर आणली.

तात्पर्य, सर्वोत्तम स्की अशी वस्तूच नाही. या हिमासाठी, या माणसासाठी, या कामासाठी योग्य एवढेच खरे. आपल्याकडे हिम नाही, पण यंत्रे आहेत, आणि त्यांची उंची ठरवणारा बहुधा त्यांच्यापुढे आठ तास उभा राहिलेला नसतो. तेव्हा एखादा हात चुकतो असे दिसले, तर हाताला बोल लावण्याआधी हत्याराकडे पाहावे. आणि हत्यार कसे असावे, हे ज्याचा पाय त्यात अडकला आहे त्याला पहिल्याने विचारावे.