बर्फातला अनवाणी यात्रेकरू आणि ग्रिफिथ प्यू

हिवाळ्यात पातळ सोलचे बूट घालून पळावं का, हा प्रश्न मला ज्युनिअर मंडळी हल्ली बरेचदा विचारतात, कारण मी स्वतः तसा पळतो. 2009 मध्ये ख्रिस्टोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' आलं. 2010 मध्ये डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा अनवाणी धावण्यावरचा पेपर 'नेचर'मध्ये छापून आला. तेव्हापासून आधी टाच टेकते की चवडा, यावर ढीगभर लिहिलं गेलंय. थंडीचं मात्र कुणी फारसं विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: विम हॉफ. 2007 च्या जानेवारीत त्यांनी फिनलंडमध्ये बर्फावरून अनवाणी हाफ मॅरेथॉन पूर्ण केली, सव्वादोन तासांच्या आसपास. म्हणजे पायांना सवय लावली की झालं?

थांबा. जरा मागे जाऊ.

1930 मध्ये लंडनच्या टॉमस लुइस यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बोट बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि त्याचं तापमान मोजत राहायचं. रक्तवाहिन्या आकसतात, बोट जवळजवळ पाण्याइतकं गार पडतं, आणि पाच-दहा मिनिटांनी आपोआप गरम व्हायला लागतं. मग परत गार, परत गरम. या हेलकाव्यांना 'हंटिंग रिअॅक्शन' म्हणतात. शिकारीशी त्याचा काही संबंध नाही. पुढे दोन गोष्टी कळल्या. पायाच्या बोटांत ही लाट हाताच्या बोटांपेक्षा क्षीण असते. आणि सगळं शरीरच गारठलेलं असेल तर ती उशिरा येते, कधी येतच नाही. म्हणजे पाऊल गरम राहणार की नाही, हे पाऊल एकटं ठरवत नाही.

आता माझा आवडता भाग. 1960-61 च्या हिवाळ्यात एडमंड हिलरी यांची 'सिल्व्हर हट' मोहीम नेपाळमध्ये होती. शास्त्रीय बाजू ग्रिफिथ प्यू सांभाळत होते, 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. तिथे एक नेपाळी यात्रेकरू येऊन पोचला. पायात काही नाही, हातमोजे नाहीत, अंगावर जेमतेम कपडे. साडेचार हजार मीटरच्या वर, भर हिवाळ्यात तो चार दिवस उघड्यावर राहिला, आणि हिमदंश नाही! प्यू यांनी त्याला साधूबिधू ठरवून सोडून दिलं नाही, त्याचा प्राणवायूचा वापर आणि तापमान मोजलं. 1963 च्या पेपरात उत्तर आहे: त्याचा चयापचय चांगलाच वाढत होता. अंगात हलकी थरथर असायची, तरी तो झोपू शकायचा. पायांची राखण आतली भट्टी करत होती.

हा एकच माणूस, n = 1. इथेच आपण घसरतो आणि म्हणतो, 'बघा, जमतं.'

पण प्यू यांचाच पुढचा पेपर वाचा. मार्च 1964 मध्ये इंग्लंडच्या डोंगराळ भागात 'फोर इन्स वॉक' ही लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा झाली. पाऊस, वारा, आणि तीन तरुणांचा थंडीने मृत्यू. ते अनवाणी नव्हते, अंगात कपडेही होते. पण ओले कपडे वाऱ्यात फारशी ऊब धरत नाहीत. त्यात माणूस थकला की वेग उतरतो, वेग उतरला की शरीरात तयार होणारी उष्णता घटते. भट्टीच विझत जाते.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की पातळ बुटांचा प्रश्न बदलतो. पळताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, म्हणून पहिल्या दोन-तीन किलोमीटरनंतर बोटं बहुधा जागी होतात. धोका असतो तो ओलं झाल्यावर, दमून चालायला लागल्यावर, किंवा घरापासून लांब घोटा मुरगळल्यावर. पातळ सोल आणि भिजलेली जाळी तेव्हा काहीच अडवत नाही. बधिर तळव्याला दगडही कळत नाही, आणि जमीन जाणवावी म्हणून तर आपण हे बूट घेतलेले!

'पायांना सवय होते' या दाव्याचं काय? सरावाने हंटिंग रिअॅक्शन सुधारते का, यावरचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्ही त्यातला एखादा पेपर उघडलात तर आधी मेथड्स बघा: हात मोजला की पाय, माणूस बसलेला होता की हलत होता, आणि बाकीचं अंग किती गरम होतं.

मी अजून तेच बूट वापरतो. फक्त डिसेंबरात टेकडीवर जाताना सॅकमध्ये कोरडे लोकरी मोजे असतात.